उंची कुठे अडली?

अंगणवाडीत दोन वर्षांखालच्या मुलाची उंची उभं करून घेत नाहीत, त्याला फळीवर आडवं निजवतात. फळीच्या एका टोकाला डोकं टेकवायची पक्की पट्टी असते, दुसऱ्या टोकाची सरकती पट्टी तळपायांना भिडवायची असते. आई डोकं धरते. ताई एका हाताने दोन्ही गुडघे दाबते आणि दुसऱ्या हाताने पट्टी सरकवते. मूल रडतं, पाठ उचलतं, पाय आखडतं, आणि त्याच गडबडीत आकडा वाचायचा असतो. गुडघा जरा वाकलेला राहिला तर सेंटिमीटरभर फरक पडतो, जन्मतारीख महिन्याने चुकली तरी जवळपास तेवढाच. दोन वर्षांची होत आलेली मुलगी अशी मोजल्यावर ८६.४ सेंटिमीटरच्या आसपास भरावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आहे. ८० च्या खाली गेली की तिची नोंद ‘खुजी’ म्हणून होते. मुलग्यासाठी ही रेघ ८१.७ वर आहे.

आकडा वहीत जातो, मग मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये. आई विचारते, “वजन किती भरलं?” उंचीबद्दल सहसा कुणी विचारत नाही. वजन घटलेलं मूल डोळ्यांना दिसतं, बरगड्या मोजता येतात, शेजारीणसुद्धा म्हणते की पोराने बाळसं धरलं नाही. उंची अडलेलं मूल असं दिसत नाही. गावातली त्याच्या वयाची बहुतेक मुलं तेवढीच असतील, तर दोन वर्षांचं मूल दीड वर्षाचं वाटतं, एवढंच. आजी सांगते, आमच्या घरात सगळेच ठेंगणे. हे दुखणं मोजल्याशिवाय सापडत नाही, आणि अंगणवाडीत ते नीट मोजायला लागून आपल्याकडे फार वर्षं झालेली नाहीत.

उंची मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून अडते आहे. ती का अडते याची जी जी उत्तरं गेल्या दीडशे वर्षांत पुढे आली, त्यांतल्या बहुतेकांचा धागा नगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधून, नाहीतर शेजारच्या पुण्यातून गेला आहे. तो धागा धरून चालताना एक गोष्ट मला सतत जाणवली. दर नव्या उत्तराबरोबर कारण बाळापासून मागे मागे सरकत गेलं. आधी ते बाळाच्या ताटलीत होतं, मग त्याच्या आजारपणात, मग घराबाहेरच्या मातीत, मग आईच्या पोटात, आणि शेवटी आई स्वतः मुलगी होती त्या वर्षांत.

पहिलं उत्तर दुष्काळाने दिलं. १८७६ चा पाऊस फसला आणि दख्खनच्या पठारावर जो दुष्काळ पडला त्यात नगर जिल्हा होरपळला. सरकारने दुष्काळी कामं काढली. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, त्याच्या मातीकामावर पोटासाठी आलेली माणसं राबली होती. या कामांवरच्या मजुराला जगायला नेमकं किती लागतं, हा त्या काळातला मोठा वाद होता. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉयचे दूत म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी खाली आणली. दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि वर थोडी चिल्लर. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला पत्रांमागून पत्रं लिहिली, आणि गावोगावची माहिती पुढे ठेवून हे धान्य पुरत नाही असं सांगितलं.

या सगळ्या वादात मोजलं जात होतं ते धान्य, आणि तेही कमावत्या माणसाचं. मूल हिशेबात यायचं ते खाणारं तोंड म्हणून. ते जगलं की दगावलं, इतकाच प्रश्न होता. जगलेल्या मुलाचं पुढे काय झालं, त्याची हाडं किती वाढली, हे विचारायची ती वेळही नव्हती. पण ‘माणसाला अमुक इतकं धान्य’ हा हिशेब तिथून पुढे शंभर वर्षं टिकला. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्यातल्या गोखले संस्थेतून भारतातल्या दारिद्र्याची मोजदाद केली, तेव्हाही त्यांनी माणशी दिवसाला २,२५० उष्मांकांची कसोटी लावली. कुपोषण म्हणजे पोटात कमी पडणं, हे उत्तर सरळ होतं आणि त्यात तथ्यही होतं. फक्त ते पुरेसं नव्हतं.

ते पुरेसं नाही हे कळायला १९७२ उजाडावं लागलं. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. एकमेकींची एकमेकींना वार्ताही नव्हती.

पहिली विलायतेत. जॉन वॉटरलो हे जमैकात कुपोषित मुलांवर वर्षानुवर्षं उपचार केलेले डॉक्टर. त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक साधी पण मूलभूत सूचना मांडली. तोवर जगभर मेक्सिकोच्या फेदेरिको गोमेझ यांची १९५६ ची पद्धत चालत होती. वयाच्या मानाने वजन किती कमी, त्यावरून मुलाची श्रेणी ठरायची. वॉटरलो म्हणाले, यात दोन वेगळी दुखणी एकत्र होतात. उंचीच्या मानाने वजन कमी असलेलं मूल आत्ता, या महिन्या-दोन महिन्यांत उपाशी किंवा आजारी पडलेलं असतं. वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलाचा तोटा जुना असतो, महिनोन्महिने साचलेला. पहिलं मूल लुकडं, दुसरं खुरटलेलं. पहिल्याला नीट खाऊ घातलं तर ते काही आठवड्यांत भरून निघतं. दुसऱ्याची गेलेली उंची, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत गेलेली, सहसा परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट जामखेडला घडत होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काही वर्षं काम केलं होतं. रोगी बरा होऊन जातो आणि त्याच दुखण्याने परत येतो, हे तिथे त्यांनी रोज पाहिलं. मग ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले. तिथे कार्ल टेलर होते, मसुरीत जन्मलेले आणि पंजाबातल्या खेड्यांत काम केलेले. टेलर यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक ग्रंथ लिहिला होता. त्याचं सार असं की कुपोषण आणि संसर्ग ही एकमेकांना ओढणारी जोडी आहे. हगवण लागलेलं मूल खात नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही, तापात शरीर स्वतःचंच मांस जाळतं, आणि अशक्त झालेल्या मुलाला पुढची हगवण लवकर लागते.

१९७० मध्ये आरोळे दांपत्य जामखेडला आलं ते हा विचार घेऊन. आणि आल्या आल्या त्यांना दुष्काळाने गाठलं. १९७२ चा दुष्काळ अजून लोकांच्या तोंडी आहे. खडी फोडायची कामं, अमेरिकेतून आलेला लाल मिलो, मजुरांच्या मुलांना वाटलेली सुकडी. मे १९७३ मध्ये राज्यभरात पन्नास लाखांच्या जवळपास माणसं दुष्काळी कामांवर होती. पुढे वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेने कायद्याचं रूप घेतलं ते याच अनुभवावर. जामखेडच्या खेड्यांतही सामुदायिक स्वयंपाकघरं सुरू झाली. तिथे मुलं जेवू लागली, पण जेवूनही काही मुलं वाढेनात. पाणी खराब होतं, हगवण सतत होती, गोवर यायचा, पाठीवर पाठ बाळंतपणं होती. बाळाला पहिला चीक न देण्याची चाल घरोघर होती.

आरोळ्यांचं खरं काम इथून पुढचं आहे. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, गावकरी त्यांचं ऐकेनात. तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी दलित, कितीतरी निरक्षर, काही नवऱ्याने टाकलेल्या. या बायका वजन करायला, तक्त्यावर ठिपका मांडायला, मीठ-साखरेचं पाणी द्यायला, सुखरूप बाळंतपण करायला शिकल्या. तरुण शेतकऱ्यांची मंडळं निघाली आणि आपल्या गावातल्या मुलांची वजनं घ्यायला बाप्येही पुढे आले. विंधन विहिरी घ्यायच्या ठरल्या तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या, म्हणजे सगळ्या गावाला तिथे पाण्याला यावं लागलं. मला यातली ही शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते. मुलाची वाढ सुधारायला निघालेला डॉक्टर विहिरीची जागा ठरवताना जातीचा विचार करतो, कारण स्वच्छ पाण्यापासून दूर ठेवलेलं मूल कुठल्या वस्तीतलं आहे हे त्याला माहीत असतं.

संस्थेच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये तिथे जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, १९९६ मध्ये हा आकडा २६ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवांची उदाहरणं एका ग्रंथात आणली, त्यात जामखेड होतं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाहेरच्या संशोधकांनी पुढे जामखेडभोवतालच्या, प्रकल्पातल्या आणि प्रकल्पाबाहेरच्या गावांची तुलना केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, जन्मानंतरचा पहिला महिना पार केलेल्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पातल्या गावांत ३० टक्क्यांनी कमी निघाला. हे आकडे मृत्यूचे आहेत, उंचीचे नाहीत. जामखेडच्या तक्त्यावरही ठिपका वजनाचाच पडत होता.

वजनाचं हे राज्य पुढे देशभर झालं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी आली. तिच्याबरोबर झोळीचा ताणकाटा आला, वयानुसार वजनाच्या चार श्रेणी आल्या. ‘ग्रेड तीन-चारची मुलं’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत रुळला. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची बातमी आली, पुढच्या वर्षी मेळघाटची. सरकार हललं ते मृत्यूंमुळे. मरणाच्या दारातलं मूल आधी वाचवायचं, याला कोण नाही म्हणेल? पण काट्यावर जे दिसतं त्यावरच उपाय होतो. वजन कमी, म्हणून खाऊ घाला. उंची वहीत नव्हती, त्यामुळे उंचीवरचा उपायही कुणाच्या डोक्यात नव्हता.

याच काळात पुण्यात एक वाद रंगला. तो आज फारसा कुणाच्या आठवणीत नाही, पण खुरटण्याच्या इतिहासातलं ते महत्त्वाचं वळण आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे हे थोर संख्याशास्त्रज्ञ रोममधल्या अन्न व कृषी संघटनेत वीस वर्षं सांख्यिकी विभाग सांभाळून पुण्याला परतले होते. त्यांचं म्हणणं असं की माणसाची उष्मांकांची गरज ठरलेली नसते. एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर थोड्याफार कमी-जास्तीशी जुळवून घेतं. तेव्हा २,२५० च्या खालचे सगळे उपाशी असं मानणं चूक. खरा रोग आहे घाण पाणी आणि अस्वच्छता. दांडेकरांनी त्यांना कडाडून विरोध केला. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीच्या पानांवर हा सामना झाला. दोघेही पुण्यातच राहणारे, दोघांनाही गरिबांबद्दल खरी कळकळ.

१९८२ मध्ये सुखात्म्यांनी संपादित केलेला एक ग्रंथ महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने प्रसिद्ध केला. त्यात डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा लेख होता, ‘लहान पण निरोगी’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा. सेक्लर यांचं प्रतिपादन असं की कमी उंचीची जी मुलं लुकडी नाहीत, त्यांना कुपोषित म्हणण्याचं कारण नाही. त्यांचं शरीर परिस्थितीशी जुळवून लहान झालं आहे, आणि लहान शरीराला खायलाही कमी लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक डॉ. सी. गोपालन यांनी याला सडेतोड उत्तर दिलं. लहान असणं चांगलं, हे फक्त गरिबांसाठीच का? उंची ज्या कारणांनी अडते त्याच कारणांनी मेंदूची वाढ, शाळेतली समज, मोठेपणीची कामाची ताकद यांना धक्का बसतो, आणि ठेंगण्या बाईला बाळंतपणात धोका वाढतो. गोपालन बरोबर होते असं मला निःसंशय वाटतं. ‘आमच्यात सगळेच ठेंगणे’ या आजीच्या बोलण्यात अज्ञान असेल, पण तेच विधान अभ्यासकाने केलं की धोरणकर्त्याला हात झटकायला आधार मिळतो.

सुखात्म्यांच्या म्हणण्याचा दुसरा भाग मात्र टाकण्यासारखा नव्हता. घाणीचा मुद्दा वीस वर्षांनी पुन्हा वर आला आणि त्याची परीक्षा नगर जिल्ह्यात झाली.

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० मध्ये सुरू झालं. हागणदारीमुक्त गाव, पहाटेची ‘गुड मॉर्निंग पथकं’, गावच्या वेशीवरचे फलक हे त्यानंतरच्या दशकातले शब्द. २००४ मध्ये संपूर्ण स्वच्छता अभियानाचा परिणाम शास्त्रशुद्ध तपासावा असं ठरलं. चिठ्ठ्या टाकून काही गावांत मोहीम आधी राबवायची, उरलेली तुलनेसाठी ठेवायची, आणि मुलांची उंची मोजायची. योजना तीन जिल्ह्यांसाठी होती. प्रत्यक्षात मोहीम एकाच जिल्ह्यात राबवली गेली, अहमदनगरमध्ये. जेफ्री हॅमर आणि डीन स्पीअर्स या अर्थशास्त्रज्ञांनी त्या आकडेवारीचा अभ्यास पुढे प्रसिद्ध केला. मोहिमेमुळे शौचालय असलेल्या घरांत शंभरामागे जेमतेम आठांची भर पडली होती. तरीही त्या गावांतल्या मुलांची सरासरी उंची प्रमाण विचलनाच्या ०.३ पट वाढलेली दिसली. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा फरक सव्वा सेंटिमीटरच्या आसपास जातो. ज्या घरांनी शौचालय बांधलं नाही त्या घरांतल्या मुलांनाही लाभ झाल्याचं दिसलं.

हे कसं होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. रांगणारं मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. विष्ठेतले जंतू दर वेळी हगवणच लावतात असं नाही. पण रोज थोडे थोडे पोटात गेले की आतड्याच्या आतली बोटांसारख्या उंचवट्यांची लव झिजते, सपाट होते. अन्न शोषायची जागाच कमी पडते. जंतूंचे अंश रक्तात झिरपतात, शरीर कायम सूज येऊन लढत राहतं आणि वाढीचं संप्रेरक हाडांपर्यंत आपलं काम नीट पोहोचवू शकत नाही. मूल आजारी दिसत नाही, जेवतंही, पण त्याची हाडं वाढायची थांबतात. शेजाऱ्याच्या पोराच्या विष्ठेवरची माशी माझ्या पोराच्या भाकरीवर बसते, म्हणून एकट्या घराने शौचालय बांधून भागत नाही.

एवढ्यावर निष्कर्ष काढून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण २०१८-१९ मध्ये बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. तिथे शौचालय, हात धुणं, पाणी शुद्ध करणं यांनी मुलांच्या उंचीत फरक पडला नाही. जादा पोषक आहाराने पडला, तोही थोडाच. नगरचा निकाल खोटा ठरला असं मी म्हणणार नाही. एका जिल्ह्यातल्या थोड्या गावांवरचा तो निकाल होता, त्याच्या आकड्याला दोन्ही बाजूंनी बरीच मोकळीक होती. शिवाय दाट वस्तीचं, सगळी हागणदारी वेशीवर असलेलं आपलं गाव वेगळं आणि आफ्रिकेतली विखुरलेली घरं वेगळी. तरी एवढं स्पष्ट झालं की बाळ जन्मल्यानंतर सुरू केलेला कुठलाही एक उपाय उंची पूर्ण भरून काढत नाही. मग उंची जाते कधी?

दरम्यान मोजपट्टी बदलली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या निरोगी, अंगावर पिणाऱ्या, बऱ्या परिस्थितीतल्या मुलांची वाढ मोजली. भारतातली मुलं दिल्लीची होती. सहाही ठिकाणची मुलं उंचीला जवळजवळ सारखी वाढली. आपली मुलं जन्मतःच बुटकी, हे म्हणणं तिथेच लंगडं पडलं. २००६ मध्ये ही नवी प्रमाणं जाहीर झाली आणि पुढच्या काही वर्षांत आपल्या अंगणवाड्यांत आली. याच सुमारास, २००५ मध्ये, महाराष्ट्राने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केलं होतं. पुढे त्याने पहिल्या हजार दिवसांवर लक्ष वळवलं, म्हणजे गर्भ राहिल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ मध्ये राज्यातली पाच वर्षांखालची ४६ टक्के मुलं खुजी निघाली होती, २०१५-१६ मध्ये ३४ टक्के. उतार चांगला होता. पण २०१९-२१ च्या फेरीत आकडा ३५ वर आला, म्हणजे उतार थांबला.

हजार दिवसांतले पहिले दोनशे सत्तर आईच्या पोटातले असतात. त्यांचा माग पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी काढला. पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी बायकांची मोजमापं गर्भ राहण्याच्या आधीपासून घेतली, मग बाळंही मोजली. जन्मवजन सरासरी अडीच ते पावणेतीन किलोंच्या मधलं. विज्ञानवर्धिनीच्याच संशोधन संस्थेतल्या, म्हणजे आताच्या आघारकर संस्थेतल्या, शोभा राव यांनी याच बायकांच्या आहाराचा आणि कष्टांचा अभ्यास केला. पालेभाज्या, फळं, दूध वारंवार खाणाऱ्या बायकांची बाळं मोठी होती. गरोदरपणात पाणी भरणं, शेतात राबणं जास्त करणाऱ्या बायकांची बाळं लहान होती. ‘लहान पण निरोगी’ हा लेख छापणाऱ्या संस्थेतूनच वीस वर्षांनी हे संशोधन बाहेर आलं, ही गोष्ट मला समाधान देणारी वाटते.

बाईच्या वाट्याला काय येतं हे घरातल्या तिच्या जागेवर ठरतं, हे बायकांना कुणी सांगायला नको. डायान कॉफी, रितिका खेरा आणि डीन स्पीअर्स यांनी ते आकड्यांत आणलं. एकाच एकत्र कुटुंबातल्या जावांची मुलं त्यांनी तपासली. घर तेच, चूल तीच, पाणी तेच, शौचालय असलं-नसलं तरी तेच. तरीही धाकट्या जावेची मुलं थोरल्या जावेच्या मुलांपेक्षा सरासरीने बुटकी निघाली. धाकटी शेवटी जेवते, तिचं बाहेर जाणं-येणं दुसऱ्यांच्या हातात असतं, जड कामं तिच्याकडे येतात, आणि ते सारं तिच्या बाळाच्या हाडांत उतरतं.

नगर जिल्ह्यात या कष्टांचा एक खास प्रकार आहे. ब्रिटिशांनी प्रवरेवर भंडारदरा धरण बांधलं, ते १९२६ मध्ये पुरं झालं. कालव्यांखाली ऊस आला. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. जिल्ह्याचा उत्तर भाग बागायती झाला. दक्षिणेकडचे पाथर्डी, जामखेड हे तालुके कोरडे राहिले आणि तिथली माणसं शेजारच्या बीडकरांबरोबर ऊसतोडीला जाऊ लागली. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उसाच्या फडाशेजारी खोपी उभी राहते. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. पोटुशी असली तरी हेच, कारण एक दिवस मोडला तर दोघांचा खाडा पडतो. तान्हं मूल फडातच उसाच्या पाचटावर निजवलेलं असतं, त्याला थोरल्या बहिणीच्या ताब्यात देतात. ती थोरली सात-आठ वर्षांची असते.

गावच्या अंगणवाडीत या बाळाचं नाव असतं. पण हंगाम संपेपर्यंतच्या पाच-सहा महिन्यांत ना वजन, ना उंची, ना घरपोच आहार. हजार दिवसांतले सहा महिने असे जातात, आणि पुढच्या वर्षी आणखी सहा. उत्तरेकडच्या साखरेचा हिशेब टनात आणि उताऱ्यात काटेकोर ठेवला जातो. दक्षिणेकडच्या बाळाच्या तक्त्यावर तेवढ्याच महिन्यांची जागा कोरी राहते. हे मला अन्यायाचं वाटतं.

जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात चित्र निराळं आहे. तिथे महादेव कोळी, ठाकर वस्त्यांमध्ये नागली, वरई, वाल, खुरासणी, रानभाज्या ही रोजची पिकं आणि रोजचं जेवण होतं. ते मागे पडत गेलं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपायला घेतलं त्यामागे घरातल्या लहान मुलांच्या आजारपणाची काळजी होती, असं त्या सांगतात. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. परसातली वेगवेगळी पिकं म्हणजे बाईच्या हातात असलेलं, कुणाकडे मागावं न लागणारं अन्न. याज्ञिकांच्या गावांत पालेभाज्यांबद्दल जे दिसलं ते राहीबाई आपल्या अनुभवातून सांगत आहेत.

आता शेवटचं पाऊल मागे टाकायचं. राज्यात २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं, असं २०१९-२१ चं सर्वेक्षण सांगतं. ऊसतोडीच्या पट्ट्यात याला कोयत्याचंच कारण आहे. आईबाप सहा महिने बाहेर, वयात आलेली पोर घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची? तिचं लग्न केलं की काळजी मिटते आणि एक नवा कोयता तयार होतो, उचलही जोडीला मिळते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची स्वतःची हाडं अजून भरायची असतात. त्याच वेळी तिच्या पोटात बाळ वाढू लागलं की एकाच ताटात दोघींचा वाटा पडतो. ती स्वतः लहानपणी खुरटलेली असेल तर तिची कंबरही अरुंद राहिलेली असते. १४० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची गरोदर बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात जोखमीची माता म्हणून नोंदवली जाते. वीस वर्षांपूर्वी अंगणवाडीच्या फळीवर जी मुलगी ८० च्या खाली भरली असती, तिच्यावरच आता हा शिक्का पडतो.

जामखेडच्या प्रकल्पात पुढे किशोरवयीन मुलींसाठी वेगळं काम सुरू झालं, ते मला या सगळ्या मागाचं स्वाभाविक पुढचं पाऊल वाटतं. सरकारी व्यवस्थेत मात्र मुलीची महिन्याच्या महिन्याला होणारी नोंद सहाव्या वर्षी थांबते. शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचं पथक येतं, तिची शाळा सुटली किंवा ती फडावर गेली की तेही नाही. ती परत वहीत येते ती गरोदर माता म्हणून, बहुतेक वेळा तिसरा-चौथा महिना लागल्यावर. मधली दहा-बारा वर्षं तिची उंची, वजन, अंगातलं रक्त कुणीही सलग पाहिलेलं नसतं. वजनकाटा अंगणवाडीत आहे, उंचीची पट्टी आहे, मोजणारी ताई त्याच गावात राहते आणि त्या मुलीला नावाने ओळखते. दसऱ्याला ऊसतोडीची वाहनं निघण्याआधी गावातल्या दहा ते एकोणीस वयाच्या प्रत्येक मुलीची उंची, वजन आणि रक्त तपासून घेता येईल, आणि त्या कागदाची एक प्रत तिच्याबरोबर कारखान्याच्या गावी जाऊ शकेल. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवी योजनाही लागत नाही. त्या वयाच्या मुलींसाठी वहीत एक जादा पान लागेल, आणि कारखान्याच्या गावातल्या अंगणवाडीला ते पान पुढे भरायचा आदेश.